मदत हवी आहे: लहान मुलांना नुसत्या रेघेतून भाव कसा दाखवायला शिकवावा?

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दुसरी ते चौथीतल्या मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेते. हौस भरपूर, पण कागद मिळाला की तेच: दोन डोंगर, मधून सूर्य, झोपडी, नदी. म्हणून ठरवलं, काही दिवस फक्त रेघा आणि आकार.

'रागावलेली रेघ काढा' म्हटलं, तर सगळ्यांनी गोल चेहरा काढून वर दोन तिरक्या भुवया ओढल्या! 'चेहरा नको, नुसती रेघ' म्हटल्यावर एकाने पट्टी मागितली. एका मुलीने टोकदार झिगझॅग काढली आणि बाकीच्यांनी ती उतरवली. आता राग म्हणजे झिगझॅग, आनंद म्हणजे लाटा, असं कोष्टकच पाठ झालंय. नेमकं हेच मला नको होतं.

आकारांसाठी वारली घेतली. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण सगळ्यांना जमले, पण माणसं मात्र ताठ उभी. प्रसिद्ध वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र दाखवलं. त्या बारीक रेघा बघून मुलं थक्क झाली आणि लगेच 'आम्हाला नाही येणार' सुरू.

शिवाय पालक. ओरखड्यांचा कागद घरी गेला की 'आज चित्र नाही काढलं?' एकांनी तर एलिमेंटरीची (शाळेतली चित्रकलेची सरकारी परीक्षा) तयारी कधीपासून, असं विचारलं. मूल तिसरीत आहे हो!

कुणी असे वर्ग घेतले असतील तर सुचवा.

कोळशाची कांडी:
ताई, भावनेचं नाव आधी घेऊच नका. क्रिया सांगा: टोचा, फरफटत न्या, पळवा, अडखळू द्या. खोडरबर आणि पट्ट्या दारातच जमा करून घ्या. टोकदार पेन्सिलीची रेघ जवळपास एकाच जाडीची येते, मग वेगळेपणा दाखवायला मुलांकडे फक्त वळणं उरतात. कोळसा द्या, झिजलेला तेलखडू आडवा धरू द्या, बांबूची काडी शाईत बुडवू द्या. कागद मोठा आणि जमिनीवर, म्हणजे हात खांद्यातून फिरतो. जुनं वर्तमानपत्रही चालेल.

मग एकच आडवी रेघ तीनदा: सावकाश, घाईत, दाबून. 'यातली दमलेली कुठली?' असं विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर उत्तम, कारण मुलं भांडून कारणं देतात आणि कोष्टक तिथेच मोडतं.

गेरू:
वारलीसाठी त्रिकोण आधी पुठ्ठ्याचे कापून द्या. कंबरेचा बिंदू तोच ठेवून वरचा त्रिकोण पुढे कलवला की माणूस भात लावायला वाकतो, मागे कलवला की नाचतो. तारप्याच्या (फुंकून वाजवायचं वारली वाद्य) नाचाची आत वळत जाणारी रेघ आधी काढायची, माणसं नंतर तिच्यावर बसवायची. ताठपणा बराच जातो.

काळ्या घोटीव कागदाचा मोठा त्रिकोण आणि छोटं वर्तुळही देऊन बघा. त्रिकोण जवळ सरकवला, वर्तुळावर झुकवला, कोपऱ्यात दाबला, तर काय वाटतं? डिंक अगदी शेवटी.

पालकांसाठी: मूल त्या रेघेबद्दल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत कागदामागे लिहून पाठवा. एलिमेंटरीला अजून बरीच वर्षं आहेत.

धागाकर्ती:
दोघांचे आभार! शनिवारी पट्ट्या जप्त. एकच शंका, कोळशाचे हात हॉलच्या भिंतीला लागले तर? रंग नुकताच दिलाय.

कोळशाची कांडी:
पुसायला गेलात तर आणखी पसरेल. मुलांच्या उंचीपर्यंत भिंतीला वर्तमानपत्रं लावा आणि दाराशी ओलं फडकं ठेवा.