पोवोल्नीसारखी पांढऱ्यावर काळी रेघ : कडा गुलाबी होतात, रेघ पसरते

गोदाकाठ (नांदेड)
व्हिएन्नाचा मूर्तिकार मिखाएल पोवोल्नी याची फुलांच्या माळा धरलेली मातीची गुबगुबीत बाळं, तशी पांढऱ्या ग्लेझवर (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) काळीभोर रेघ हवी आहे. माती नदीकाठची, भाजल्यावर तांबडी. बिस्क (ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी) ९५०, ग्लेझ १०४० अंश सेल्सिअसला. ग्लेझमध्ये पांढरेपणासाठी १० टक्के टिन ऑक्साइड, काळ्यासाठी तयार स्टेन (भट्टीत टिकणारी रंगाची पूड). रेघेच्या कडेला गुलाबी झाक येते, रेघ पसरते, आणि आठ-दहा दिवसांनी टवके उडून खाली पांढरा ठिपका दिसतो.

भट्टीतली राख (उत्तर)
गुलाबी झाक म्हणजे क्रोम आणि टिनची गाठ. बऱ्याच काळ्या स्टेनमध्ये क्रोम असतो; तो ग्लेझमधल्या टिनला भेटला, त्यात चुना असला, की गुलाबी उमटणारच. क्रोम नसलेला काळा घ्या: लोह, मँगनीज आणि थोडा कोबाल्ट. क्रोमचा हिरवा रंग असलेली भांडीही त्या खेपेला भट्टीत ठेवू नका. नाहीतर टिन काढून १० ते १२ टक्के झिर्कोनियम सिलिकेट टाका. स्वस्तही पडतं. पण टिनचा पांढरा मऊ, लोण्यासारखा दिसतो. या कामात मी टिनच ठेवेन, ५ ते ८ टक्के पुरे.

रेघ पसरते कारण मँगनीज, कोबाल्ट स्वतःच ग्लेझ पातळ करतात. काळ्यात फ्रिट (वितळवून दळलेली काच) असेल तर कमी करा, थोडं केओलिन (पांढरी चिनी माती) घाला. मूळ ग्लेझ असं करून पाहा: शिसं नसलेलं फ्रिट ७५, केओलिन १५, सिलिका १०, शिवाय टिन वेगळं. जाडी एक मिलिमीटरच्या आत. रेघ कच्च्या, वाळलेल्या ग्लेझवर एकाच ओढीत मारायची. ब्रश पुन्हा फिरवला की खालची पावडर उचलली जाते. ग्लेझ १०२० ला, त्या तापमानावर फार वेळ रोखून धरू नका.

चुनखडी (उत्तर)
टवके म्हणजे मातीतले चुन्याचे खडे. आपल्याकडच्या मातीत ते सर्रास असतात. भाजताना त्यांचा कळीचा चुना होतो, मग हवेतली ओल पिऊन तो फुगतो आणि वरचा थर उडवतो, पावसाळ्यात जास्त. माती भरपूर पाण्यात कालवून ८० नंबरच्या जाळीतून गाळा. बिस्क १०५० पर्यंत न्या, ७०० ते ९०० च्या टप्प्यात सावकाश; मातीतला वायू तिथेच निघून गेला की ग्लेझला टाचणीएवढी भोकंही कमी पडतात. शेतातली काळी माती मात्र मिसळू नका, वाळताना ती फार आकसते आणि तडकते.

गोदाकाठ (नांदेड)
आभारी आहे. आकार साच्यात की हाताने?

रेघ आणि रंग (उत्तर)
पोवोल्नीसाठी साचाच. बर्टोल्ड लोफलर या कलाकारासोबत त्याने १९०६ साली विनर केरामिक ही व्हिएन्नातली कार्यशाळा काढली, तिथल्या मूर्ती साच्यातून निघत. एकाच आकारावर काळी रेघ बदलून चेहरा, ठेवण बदलायची, खरी मजा तीच. आकार साधा ठेवा, माळेतलं फूल न् फूल सुटं दिसू द्या, म्हणजे ग्लेझ खाचांत साचून तपशील बुजणार नाही.

वाहणारे रंग आणि बोटांच्या खुणा आवडत असतील, तर पोवोल्नीचीच विद्यार्थिनी व्हॅली वीझेल्टिअर हिचं काम पाहा. तिची तांबडी माती ग्लेझमधून मुद्दाम डोकावते. तुमच्या मातीला तो बाज जास्त शोभेल.

आधी चाचणीच्या फरशांवर करून पाहा, आणि प्रत्येकीच्या मागे ग्लेझ, काळा आणि तापमान खोदून लिहा.