कमळपक्षी पावसाळ्यातच पाहावा

हिवाळी पाहुणे पक्षी परतले की पक्षी-छायाचित्रणाचा हंगाम संपतो, असे एक मत आहे. उजनी धरणाच्या फुगवट्यावरील भिगवणपुरते ते बऱ्याच अंशी पटते. मात्र ते सर्वत्र लागू करता येणार नाही. भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांवर (जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या काळातील सिंचन तलावांवर) हिवाळ्यात दिसणारा कमळपक्षी मळकट तपकिरी, आखूड शेपटीचा असतो. तोच पक्षी जून ते सप्टेंबरमध्ये गडद चॉकलेटी अंग, पांढरेशुभ्र पंख, मानेमागे सोनेरी पट्टा आणि कमानदार लांब शेपूट अशा विणीच्या पिसाऱ्यात दिसतो, आणि त्याचे वर्तनही याच काळात टिपण्याजोगे असते. एक मादी एकाच हंगामात अनेक नरांशी जोडी जमवते. तरंगत्या पानांवर घातलेली साधारण 4 चकचकीत तपकिरी अंडी उबवण्याचे आणि पिल्ले सांभाळण्याचे काम नर एकटा करतो. पाणी चढले किंवा घरट्याला धोका वाटला, तर तो अंडी चोच व छाती यांच्यामध्ये धरून दुसऱ्या पानावर हलवतो. म्हणूनच विणीच्या काळात शिंगाड्याच्या वेलींत होडी घालू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. काठावर बसून लांब पल्ल्याच्या लेन्सने जे मिळेल, तेवढेच घ्यावे.