बोनेरला किनाऱ्यावरून डायव्हिंग: घरून काय न्यायचं, तिथं काय भाड्यानं घ्यायचं?

माईघाट (सांगली)

नमस्कार मंडळी. मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान. लेक डेल्फ्टला शिकते. तिनं ठरवलंय की डिसेंबरच्या सुट्टीत मी ॲमस्टरडॅमला यायचं आणि तिथून दोघींनी थेट विमानानं बोनेरला जायचं. व्हेनेझुएलाच्या वर टिकलीएवढं बेट, कारभार डच, चलन मात्र अमेरिकन डॉलर.

पाण्याची भीती नाही. पाठीला पत्र्याचा डबा बांधून वडिलांनी कृष्णेत सोडलं होतं, तेव्हा मी सात वर्षांची. दोन वर्षांपूर्वी मुरुडेश्वरला ओपन वॉटरचं, म्हणजे डायव्हिंगच्या पहिल्या पायरीचं, सर्टिफिकेटही घेतलं. पण तिथं सगळं बोटीवर. पोऱ्यानं पायात फिन, म्हणजे पोहायचे पंखे, चढवून दिले, हवेची टाकी पाठीला लावली आणि म्हणाला, मावशी, मागं पडा. मी पडले. बोनेरला म्हणे आपलं आपणच किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं. हे जमतं का? सामान विकत घेऊ की भाड्यानं? वय ४६, डावा गुडघा कुरकुरतो, चष्मा उणे चारचा.

लेथवाला (सातारा)

ताई, मी २०२४ च्या फेब्रुवारीत आठ दिवस जाऊन आलो, रॉटरडॅमच्या मेहुण्याबरोबर. जमतं.

तिथं भाड्यानं घ्यायची मुख्य वस्तू म्हणजे पिकअप गाडी. ती आत्ताच बुक करा, डिसेंबरात मिळत नाही. हौद्यात टाक्या आडव्या टाकायच्या आणि समुद्राकाठच्या रस्त्यानं निघायचं. कडेला पिवळे रंगवलेले दगड आहेत, त्यावर जागेचं नाव. दगड दिसला की गाडी लावा, तिथंच सामान चढवा आणि उतरा. अशा चालत उतरायच्या जागा पन्नासाहून जास्त आहेत. वारा वर्षभर पूर्वेचा, म्हणून पश्चिमेचा किनारा आडोशाला राहतो. पूर्वेच्या बाजूला फक्त फोटो काढा.

आता सामान. मास्क आणि बूट स्वतःचे, बाकी सगळं भाड्याचं. बुटांचं एवढ्यासाठी सांगतो की पाण्याच्या कडेला वाळू नसते, मेलेल्या प्रवाळाचे तुकडे असतात. हाडांच्या ढिगावर चालल्यासारखं वाटतं, वर शेवाळं. पायमोज्यासारखे मऊ बूट तिथं कुचकामी, तळवा जाड पाहिजे. फिन त्यावर पट्ट्यानं बसणारे घ्या. मुरुडेश्वरला अनवाणी पायात घातले असतील तसले नकोत. छातीभर पाण्यात जाऊन, लेकीच्या खांद्यावर हात ठेवून, मग फिन चढवायचे.

आमचं एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. दुसऱ्याच्या मशिनवर विश्वास ठेवायचा नाही हे मला शिकवायला नको होतं, तरी पहिल्या दिवशी हुरळून गेलो. भाड्याच्या बीसीडीचं, म्हणजे हवा भरून तरंगायच्या जॅकेटचं, हवा भरायचं बटण चिकटत होतं. दाबून सोडलं तरी हवा शिरतच राहायची. कळलं कुठं, तर पाच मीटर खाली! फुग्यासारखा वर यायला लागलो. मेहुण्यानं झडप घालून नळी काढली म्हणून निभावलं. दुकानदारानं मुकाट बदलून दिला, पण चूक माझीही होती. दुकानातच टाकी जोडायची, जॅकेट टम्म फुगवायचं आणि दहा मिनिटं तसंच ठेवायचं. मऊ पडलं तर परत द्या. मग रेग्युलेटरमधून, म्हणजे तोंडात धरायच्या नळीतून, चार खोल श्वास घ्या आणि नजर टाकीचा दाब दाखवणाऱ्या गेजवर ठेवा. श्वासागणिक काटा नाचला तर टाकी पूर्ण उघडलेली नाही किंवा फिल्टर चोंदलाय. टाकीच्या तोंडाची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, बोटानं चाचपा. चीर गेलेली असते आणि नेमकी भर उन्हात काठावर फुसफुसते. दुकानात दोन जादा मागून घ्या, खिशात राहू द्या.

नायट्रॉक्सचा, म्हणजे जादा ऑक्सिजन मिसळलेल्या हवेचा, कोर्स केला असेल तर बऱ्याच दुकानांत ते साध्या हवेच्याच भावात मिळतं. प्रत्येक टाकीतला ऑक्सिजन स्वतः मोजायचा आणि वहीत सही करायची. ३२ टक्के असेल तर ३३ मीटरच्या खाली जायचं नाही. पण ओपन वॉटरवर तुमची हद्द तशीही १८ मीटर, तेव्हा हे लेकीसाठी.

खर्चात दोन गोष्टी धरा. मी गेलो तेव्हा बेटावर येण्याचा कर ७५ डॉलर आणि सागरी उद्यानाची फी ४० डॉलर होती. १९७९ पासून तिथलं सगळं पाणी राखीव आहे. पहिली डाइव्ह दुकानाच्या समोर, त्यांच्या देखत, सक्तीची. हातमोजे घालायला बंदी, म्हणजे प्रवाळाला हात लावायची इच्छाच होत नाही. २०२३ मध्ये तिथं प्रवाळाचा साथीचा रोग आला, म्हणून सामान जंतुनाशकाच्या टबात बुचकळून काढायचं. कंटाळा करू नका.

तंबोरा (मिरज)

कशाला एवढा खर्च ताई? तारकर्लीला जावा. येताना मासेपण खाऊन येता येतंय.

लेथवाला (सातारा)

तारकर्ली मीही केलंय, भाऊ. तिथं दुसरा माणूस धरून फिरवतो. इथं तुम्ही तुमचे. फरक आहे की नाही?

चष्मेवाला (सांगली)

ताई, नंबरच्या मास्कबद्दल सांगतो. तयार काचा अर्ध्या-अर्ध्या नंबरानं मिळतात, डावी-उजवी वेगवेगळी बसते. पाण्यात वस्तू जवळ आणि मोठी दिसते, म्हणून नंबर मधला निघाला तर कमीच्या बाजूची काच चालते. चष्म्यात सिलिंडर नंबर असेल तर तयार काचेत तो बसत नाही, मोठा असेल तर करून घ्यावी लागेल. भाड्याला नंबरचा मास्क मिळेल या भरवशावर जाऊ नका. नव्या काचेवर कारखान्याचा थर असतो, टूथपेस्टनं दोन-तीनदा घासा, नाहीतर धुकं धरेल.

माईघाट (सांगली)

सगळ्यांचे आभार. लेकीनं जागांची यादी पाठवलीय: थाउजंड स्टेप्स, सॉल्ट पिअर, हिल्मा हूकर. गुडघ्याचं काय करू?

लेथवाला (सातारा)

थाउजंड स्टेप्स नावापुरत्या हजार. असतील साठ-सत्तर. पण उतरताना सोळा-सतरा किलोची टाकी पाठीवर आणि चढताना ओलं सामान वेगळं. अजिंक्यतारा पोतं घेऊन चढल्यासारखं. लेकीला जाऊ दे, तुम्ही वर बसा. मात्र तिथून पुढं कारपाटा नावाच्या जागेकडे रस्ता एकेरी आहे, दगड हुकला तर रिंकोन गावातून वळसा.

हिल्मा हूकर म्हणजे ७२ मीटरचं मालवाहू जहाज. गांजा सापडला म्हणून अडकवून ठेवलं होतं, १९८४ च्या सप्टेंबरात बुडालं. ३० मीटरवर कुशीवर पडलंय. तुम्ही वरच्या बाजूनं बघा, खाली जाऊ नका.

तुमच्यासाठी सॉल्ट पिअर. मिठाची जहाजं भरायचा धक्का आहे, जहाज लागलं असेल तर बंद, म्हणून सकाळी विचारून निघा. खांबांच्या मधून ऊन तिरपं खाली येतं आणि प्रत्येक खांबाला स्पंज, प्रवाळ, माशांचे थवे. खोलीही फार नाही. त्याच रस्त्यावर पुढं मिठागरातल्या गुलामांच्या दगडी खोल्या आहेत, १८५० च्या. दारातून वाकून नाही, रांगत जावं लागतं. मी आत बसून बघितलं, पाय पसरले की जागा संपली.

प्रवाहाचं कृष्णेसारखंच. आधी उलट दिशेनं जायचं, टाकी अर्धी व्हायच्या आत वळायचं, मग पाणीच आणून सोडतं. आणि शेवटच्या डाइव्हनंतर विमानाला अठरा तास जाऊ द्या.

गाडीत काही ठेवायचं नाही, कुलूपही लावायचं नाही, काचा खाली. नाहीतर काच फोडतात. आम्ही सगळं काढलं होतं, फक्त भडंगाची पिशवी सीटवर राहिली. गेली.

तंबोरा (मिरज)

आता त्या चोराची पण सवय बिघडली की ओ.