देशाचं ताट बदललं की आतडी बिघडतात का?

निळीशाई (चर्चेचा प्रस्ताव)

आयबीडी म्हणजे क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस, आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचे दोन आजार. आयबीएस या पोटाच्या दुसऱ्या विकाराशी गल्लत करू नये, त्यात आतड्याला जखमा होत नाहीत. क्रोन्सला ज्या निबंधामुळे नाव मिळालं तो न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९३२ मध्ये लिहिला, म्हणजे वैद्यकाच्या हिशेबात अगदी अलीकडे. आज उत्तर अमेरिकेत आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत हजारात तिघांहून जास्त लोकांना यांपैकी एक आजार आहे. १९९० मध्ये जगभरात सुमारे ३७ लाख रुग्ण होते, २०१७ मध्ये ६८ लाख.

आता पाश्चात्त्य देशांत नव्या रुग्णांचा दर बराचसा स्थिरावलाय, आणि ब्राझील, तैवान अशा मागाहून औद्योगिक झालेल्या ठिकाणी तो चढतोय. जनुकं एका पिढीत बदलत नाहीत. २००१ मध्ये क्रोन्सशी जोडलेलं पहिलं जनुक सापडलं, नॉड-टू. त्याचे युरोपीय लोकांत धोका वाढवणारे प्रकार जपानी लोकांत जवळपास आढळतच नाहीत. तरीही जपानमध्ये क्रोन्स वाढला. १९६६ ते १९८५ या काळातले जपानचे आकडे तपासले गेले तेव्हा प्राणिज प्रथिनं आणि ओमेगा-६ स्निग्धांश यांचा वापर आणि क्रोन्सचे नवे रुग्ण बरोबरीने चढताना दिसले.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. देशाचं जेवण घरातल्या चुलीवरून कारखान्यात गेलं, त्याची किंमत आतडी मोजताहेत. पूर्ण पुरावा हाती येईपर्यंत सरकारांनी थांबू नये. अन्नातल्या इमल्सिफायरचं, म्हणजे तेल-पाणी एकजीव ठेवायला घातलेल्या पदार्थांचं, प्रमाण पाकिटावर छापणं आतापासूनच सक्तीचं करावं. इथल्या जाणकारांना काय वाटतं?

खडूफळा

आकडे शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून आधी त्या ३७ आणि ६८ लाखांबद्दल. त्या काळात जगाची लोकसंख्या वाढली, माणसं जास्त जगू लागली. वयाचा फरक काढून टाकला की तोच अभ्यास सांगतो, लाखामागे ७९.५ वरून ८४.३. वाढ आहे, पण जवळपास दुपटीचं चित्र उभं राहतं तशी ती नाही.

आणि जपानच्या त्या वीस वर्षांत काय काय वाढलं नाही? शहरं वाढली, प्रतिजैविकं वाढली, घराघरात फ्रीज आले, कुटुंबं लहान झाली. एकत्र चढणाऱ्या दहा रेषांमधून एक उचलायची आणि हीच दोषी म्हणायचं, हे मला पटत नाही.

निदानाचाही प्रश्न आहे. आतड्याचा क्षय जिथे सर्रास आढळतो तिथे क्रोन्स वर्षानुवर्षं क्षय म्हणून औषधं घेत राहिला. दोन्ही लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बसतात, दोन्हींत वजन घटतं, ताप येतो, आतडं अरुंद होतं. कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून तपासणी) आली, बायोप्सी तपासणारे आले, आणि आजार 'वाढला'.

रातपाळी

पोटाच्या विकारांच्या विभागात काम करते, त्यामुळे निदानाचा मुद्दा रोजच्या कामातला. क्षयाशी होणारी गफलत खरी आहे, आजही होते. पण तो मुद्दा अर्धीच वाट चालतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस भडकला की दिवसातून दहा-बारा वेळाही रक्त पडतं, तो काही झाकून राहणारा आजार नव्हे. कॅनडात तपासणीची सोय कधीची आहे, तरी तिथल्या ऑन्टारियोमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांमध्येही आयबीडीचं प्रमाण वाढलेलं नोंदवलं गेलं. तिथे 'आता दुर्बीण आली' हे उत्तर पुरत नाही.

त्याच प्रांतातला स्थलांतरितांचा अभ्यास मला सगळ्यात बोलका वाटतो. माणूस जितक्या लहान वयात तिथे पोहोचला तितका त्याचा धोका जास्त. दक्षिण आशियातून आलेल्यांच्या तिथे जन्मलेल्या मुलांचा धोका तर स्थानिकांच्या जवळपास गेला. रक्त तेच, परिसर वेगळा.

इमल्सिफायरबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण हा विषय अर्धवट फिरतो. मोठ्या आतड्याच्या आतल्या भिंतीवर श्लेष्माचा थर असतो. त्याचा आतला पदर निरोगी माणसात जवळपास जंतुविरहित असतो, जीवाणू बाहेरच्या पदरात राहतात. २०१५ मध्ये उंदरांना पाण्यातून कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज आणि पॉलिसॉर्बेट-८० दिलं, तेव्हा तो थर पातळ झाला, जीवाणू भिंतीशी भिडले, आणि ज्या उंदरांची जनुकं आधीच कच्ची होती त्यांना कोलायटिस झाला. बाकीच्यांना सौम्य दाह झाला आणि वजन वाढलं. मग माणसांवर छोटी चाचणी झाली, २०२२ मध्ये प्रसिद्ध. सोळा निरोगी माणसं, काहींना अकरा दिवस रोज १५ ग्रॅम कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज. आतड्यातल्या जीवाणूंची विविधता घटली, आणि मोजक्या जणांत जीवाणू भिंतीजवळ सरकलेले दिसले. सगळ्यांत नव्हे. १५ ग्रॅम हे रोजच्या खाण्यापेक्षा बरंच जास्त आहे, हेही सांगायला हवं.

म्हणजे रस्ता सापडलाय. त्या रस्त्याने किती लोक खरोखर आजारापर्यंत पोहोचतात, ते कळलेलं नाही.

सुमेधा

माझ्या मुलीला क्रोन्स आहे. निदान झाल्यापासून भेटणारा प्रत्येक माणूस एकच विचारतो, 'पाकिटातलं फार द्यायचात का?' तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान भाऊ त्याच घरात तेच खाऊन वाढलाय, त्याला काही नाही. जनुकं अगदी एकसारखी असलेल्या जुळ्यांतही एकाला क्रोन्स झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही, हे मी आता लोकांना तोंडपाठ सांगते.

निळीशाई, तुमच्या 'कारखान्यातलं अन्न' या सिद्धान्ताला मी एक गोष्ट विचारते. माझ्या मुलीच्या जखमा कशाने भरल्या? डब्यातल्या पावडरीने. सहा आठवडे फक्त तेच, दुसरा घास नाही. मुलांच्या क्रोन्समध्ये ही पहिल्या फळीची उपचारपद्धत आहे. त्या डब्याच्या पाठीवरची यादी मी इतक्यांदा वाचलीय की डोळे मिटून म्हणेन: माल्टोडेक्स्ट्रिन, तेलं, दुधाची प्रथिनं, इमल्सिफायर, व्हॅनिलाचा स्वाद. फायबर जवळपास शून्य. तुमच्या व्याख्येत याहून जास्त कारखानी काय असेल? सुरुवातीला ती नाक दाबून प्यायची, मग आम्ही ते बर्फात घालून गार करायला लागलो, झाकणाच्या पेल्यातून स्ट्रॉने, म्हणजे वास येत नाही. तिसऱ्या आठवड्यात पोटदुखी थांबली. शेवटी कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे शौचाच्या तपासणीतली आतड्याच्या दाहाची खूण, खाली आलं.

हे उत्तर मिळाल्याशिवाय मला 'नैसर्गिक खा, आतडी वाचतील' हे ऐकवत नाही.

निळीशाई

सुमेधाताई, प्रश्न रास्त आहे आणि तो टाळायचा नाही. डब्याच्या उपचारात काय दिलं जातं यापेक्षा काय बंद होतं हे महत्त्वाचं असावं, असं मला वाटतं. नेहमीच्या जेवणातले शेकडो घटक एका झटक्यात जातात. २०१९ मध्ये मुलांवरची चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात एका गटाला पूर्ण डबा आणि दुसऱ्याला अर्धा डबा अधिक ठरावीक घरचं जेवण दिलं होतं. त्या जेवणातून प्रक्रिया केलेलं बहुतेक सगळं वगळलेलं होतं, आणि फळं-भाज्यांतलं काही फायबर मुद्दाम ठेवलं होतं. सहाव्या आठवड्याला दोन्ही गट सुधारले. पुढे पहिल्या गटाची मुलं हळूहळू नेहमीच्या जेवणावर परतली आणि बाराव्या आठवड्यापर्यंत दुसरा गट स्पष्टपणे पुढे होता. दुसऱ्या गटाला ते जमायलाही सोपं गेलं.

आणि तुम्हाला जे विचारलं जातं त्याचा मला मनापासून राग येतो. मी देशाच्या ताटाबद्दल बोलतोय, एका आईच्या स्वयंपाकघराबद्दल नाही. परवा साध्या ब्रेडचं आणि आइस्क्रीमचं पाकीट उलटून पाहिलं. एकावर ई ४६६, दुसऱ्यावर ई ४६६ आणि ई ४३३. म्हणजे वर सांगितलेलेच दोन पदार्थ, आकड्यांच्या रूपात. किती ग्रॅम, ते कुठेच नाही. कुठली आई हे मोजणार? ही जबाबदारी घरावर पडू नये म्हणून तर मी कायदा मागतोय. युरोपीय संघाने २०२२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइड अन्नातून काढलं, तेव्हा ते माणसाला घातक असल्याचं सिद्ध झालेलं नव्हतं. सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही, एवढं कारण पुरलं.

खडूफळा

पाहा, एका चाचणीतून दुसरीकडे उडी मारताना काय होतं. दुखणं उतरवायला जे उपयोगी पडतं ते नसल्यामुळेच दुखणं आलं होतं, असा अर्थ निघत नाही.

आणि उलट बाजूच्या चाचण्याही मांडा ना. सुधारलेल्या क्रोन्स-रुग्णांना लाल मांस जवळपास बंद करायला सांगितलं, तरी आजार उलटण्याचं प्रमाण कमी झालं नाही. जपानच्या रेषांमधल्या 'प्राणिज प्रथिनं' या आरोपीचं मग काय? २०२१ मध्ये १९४ रुग्णांवर दोन गाजलेले आहार ताडून पाहिले, एक भूमध्यसागरी आणि एक धान्य-साखर वगळणारा. सहा आठवड्यांनी दोन्हींत चाळीस-पंचेचाळीस टक्के लोकांना बरं वाटलं, पण रक्तातली दाहाची खूण फारशी हलली नाही.

तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा मीच देतो: २१ देशांतल्या १,१६,०८७ प्रौढांचा अभ्यास, २०२१ चा. रोज पाच किंवा जास्त वेळा अतिप्रक्रियायुक्त पदार्थ खाणाऱ्यांत आयबीडीचा धोका, एकाहून कमी वेळा खाणाऱ्यांच्या १.८२ पट. मांस, दूध, भाज्या, डाळी यांचा संबंध दिसला नाही. ठीक. पण आजार झाला एकूण ४६७ जणांना, त्यातले क्रोन्सचे फक्त ९०. अमेरिकेतल्या परिचारिका आणि आरोग्य-कर्मचाऱ्यांच्या मोठ्या अभ्यासात हाच संबंध क्रोन्सशी दिसला, कोलायटिसशी नाही. पुरावा इतका डुगडुगता असताना कायदा करायचा?

आणखी एक. निदानाच्या कित्येक महिने आधीपासून पोट कुरकुरत असतं. माणूस आपोआप फळं, साली, कच्च्या भाज्या सोडतो आणि मऊ, पांढरं, पाकिटातलं खायला लागतो. मग आपण म्हणतो, पाकिटामुळे आजार आला.

तिसरीघंटा

मध्येच बोलतो. धूम्रपानाने क्रोन्सचा धोका वाढतो, अल्सरेटिव्ह कोलायटिस मात्र धूम्रपान करणाऱ्यांत कमी दिसतो. ज्या दोन आजारांचं एकाच धुराशी उलटसुलट नातं आहे, त्यांना 'आयबीडी' या एका गाठोड्यात बांधून एक आहार दोषी ठरवायला निघालो, तर आकडे डुगडुगणारच. धागा दोन भागांत चालवावा अशी विनंती.

रातपाळी

तिसरीघंटा, मान्य. खडूफळासर, पोट आधीच बिघडलेलं असतं हा मुद्दा अभ्यासकांच्या लक्षात असतो. निदानाच्या लगतची वर्षं वगळून पुन्हा हिशेब करतात. शंका पूर्ण जात नाही, पण बरीच कमी होते.

माझी अडचण वेगळी आहे. तो २१ देशांचा अभ्यास ३५ ते ७० वयाच्या माणसांचा होता. स्थलांतरितांचे आकडे सांगताहेत की खेळ लहानपणी ठरतो: पहिल्या वर्षांतली प्रतिजैविकं, आईचं दूध मिळालं की नाही, आतड्यातली वस्ती कशी बसली. पन्नाशीतल्या माणसाला 'गेल्या वर्षी काय खाल्लंत' विचारून चाळीस वर्षांपूर्वीचं ताट कळत नाही. म्हणून आहाराचा परिणाम आपल्याला आहे त्याहून कमी दिसत असेल, असं मला वाटतं.

आणि कारणावर भांडताना एक गोष्ट सुटतेय. हा आजार बहुतेकदा तरुणपणी येतो, जन्मभर राहतो, आणि माणूस बहुधा त्याने मरत नाही. नव्या रुग्णांचा दर उद्या स्थिरावला तरी एकूण रुग्ण साचतच जाणार. पश्चिमेत तेच चाललंय. ज्या देशांत वाढ आत्ता सुरू झालीय त्यांनी पुढच्या वीस वर्षांसाठी एंडोस्कोपी शिकलेले डॉक्टर, परवडणारी बायोलॉजिक औषधं, आहारतज्ज्ञ यांची तयारी आज केली नाही, तर पाकिटावर काय छापलं याने त्या रुग्णांना काहीच मिळणार नाही.

एक कळकळीची गोष्ट: हा धागा वाचून कुणी रुग्णाने मनाने खाणं बंद करू नये. आमच्याकडे हाडाला चामडं लागलेली माणसं येतात. त्यांनी आजाराला घाबरून गहू, दूध, डाळ, फळ असं एकेक सोडलेलं असतं. आतडं अरुंद झालं असेल तर चोथा कमी करावा लागतो, तोही डॉक्टर सांगतील तेवढाच.

सुमेधा

सर, तुम्ही म्हणता पुरावा डुगडुगतो. मग तो भक्कम कधी होईल? माझ्या मुलाला, बहिणीला क्रोन्स असल्यामुळे, इतरांपेक्षा धोका जास्त आहे. मला त्याला उद्या काय खायला द्यायचं ते उद्याच ठरवायचंय, पुढच्या अभ्यासापर्यंत थांबता येत नाही. प्रमाण छापायच्या मागणीला तरी तुमचा विरोध का?

खडूफळा

छापण्याला विरोध नाही, ताई. छापलं तर उद्याचा अभ्यास तरी धड होईल. आज कुणी किती इमल्सिफायर खाल्लं ते संशोधकांनाही अंदाजाने धरावं लागतं. बंदीला माझा विरोध आहे आणि तो कायम राहील, जोवर तुमच्या मुलासारख्या, घरात आजार असलेल्या पण स्वतः निरोगी असलेल्या मुलांचे दोन गट करून काही वर्षं कुणी पाहत नाही.

त्याला काय द्यायचं हे विचारलंत म्हणून सांगतो. वरचे सगळे अभ्यास चाळल्यावर मला त्यातल्या त्यात टिकाऊ वाटलेला निष्कर्ष १,७०,७७६ परिचारिकांचा आहे, २६ वर्षं पाठपुरावा केलेला. रोज साधारण २४ ग्रॅम फायबर खाणाऱ्या गटात क्रोन्सचा धोका सगळ्यात कमी खाणाऱ्यांपेक्षा ४० टक्के कमी होता, आणि तो फरक मुख्यतः फळांमुळे होता. कोलायटिसमध्ये तसं दिसलं नाही. हाही निरीक्षणाचाच अभ्यास, माझ्या सगळ्या शंका त्यालाही लागू. पण निरोगी मुलाने फळं जास्त खाल्ली तर त्याचं काही बिघडत नाही, म्हणून तेवढं मी बिनधास्त सांगेन. मुलीसाठी मात्र रातपाळींचंच ऐका.