शब्द हवा : 'कन्चेर्तो' (आणि चंडोलाचा रोमान्स)

दुपारचा चहा
आमच्या मंडळाच्या अंकासाठी लेख लिहितेय. एकटं व्हायोलिन आणि समोर अख्खा ऑर्केस्ट्रा, अशा पाश्चात्त्य रचनांवर. हे संगीत मला अलीकडेच गवसलं आणि आता सुटत नाहीये. सुरुवात व्हॉन विल्यम्स या इंग्लिश संगीतकाराच्या 'द लार्क असेंडिंग'ने (म्हणजे वर चढणारा चंडोल) झाली, तिथून मेंडेल्सॉन, ब्रुख असं चाललंय. अडलंय ते शब्दांपाशी. अशा रचनेला 'कन्चेर्तो' म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणू? संपादक म्हणतात 'जुगलबंदी' लिहा. शिवाय 'लार्क असेंडिंग'च्या नावाखाली 'रोमान्स' असं छापलेलं असतं. चंडोलाचा रोमान्स नक्की कोणाशी?

उंटावरचा शहाणा
'व्हायोलिन-वाद्यवृंद संवाद'. झालं काम.

खर्जातला
'संवाद' म्हटलं की आकाशवाणीवरचा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम वाटतो. असो.

जुगलबंदी मात्र नको. जुगलबंदीत दोन कलाकार तोडीस तोड बसतात आणि तिथल्या तिथे एकमेकांना सुचवत वाजवतात. इथे एकाच्या समोर पन्नास-साठ जण आणि सगळं आधी लिहून ठेवलेलं. 'साथसंगत'ही बसत नाही. मेंडेल्सॉनचा 'ई मायनर' या स्वरपट्टीतला कन्चेर्तो घ्या (पहिला प्रयोग लाइपझिग, 1845). पहिल्या भागात धावपळ ओसरते आणि दुसरी, शांत धून येते. ती व्हायोलिन वाजवतच नाही! ती क्लॅरिनेट आणि बासऱ्या गातात. व्हायोलिन खाली येत येत आपल्या सगळ्यात जाड तारेवर थांबतं आणि मोकळी तार नुसती लांबवत राहतं. धून 'जी मेजर' पट्टीतली, म्हणजे तिचा षड्ज 'जी', आणि तारही 'जी'ची. म्हणजे ज्याच्या नावावर तिकिटं खपली तो मंचावर उभा राहून चक्क तंबोऱ्याचं काम करतोय, षड्ज धरून. मग थोड्या वेळाने धून त्याच्याकडे येते.

पुढे आणखी गंमत. कॅडेन्झा म्हणजे वाद्यवृंद थांबतो आणि एकटा वादक वाजवतो ती जागा. रिवाजाप्रमाणे ती भागाच्या शेवटाजवळ असायची. मेंडेल्सॉनने ती मध्येच आणली आणि वादकाच्या मर्जीवर न सोडता स्वतः लिहून काढली. तिच्या शेवटी गज चारही तारांवरून उसळत राहतो आणि त्याच्याखाली वाद्यवृंद हळूच मूळ धून सुरू करतो. व्हायोलिन उसळतच राहतं. आता सांगा, इथे साथ कोण कोणाची करतंय?

शब्दकोडं
व्युत्पत्तीतच हे भांडण आहे. इटालियन 'कन्चेर्तारे' म्हणजे एकमेकांशी जुळवून घेणं. पण लॅटिनमध्ये त्याच चेहऱ्याच्या क्रियापदाचा अर्थ झुंजणं, वाद घालणं. प्रेटोरियस या जर्मन संगीतकाराने 1619च्या ग्रंथात झुंजीचा अर्थ धरला. पुढचे लोक दोन्ही सांगतात. मला विचाराल तर बेठोफेनमध्ये जुळवणं जास्त, ब्रह्म्समध्ये झुंज जास्त. हे माझं मत, शास्त्र नव्हे.

प्रतिशब्दाच्या मागे लागू नका. 'कन्चेर्तो'च लिहा, 'कॉन्सर्टो' नको. इटालियनमध्ये तो 'च' आहे आणि तो उच्चारायला मराठी माणसाला काडीचाही त्रास नाही. चालवायचा 'फोटो'सारखा : तो कन्चेर्तो, दोन कन्चेर्तो, कन्चेर्तोत, कन्चेर्तोचा. 'कन्चेर्ते' करू नका, 'फोटे' म्हटल्यासारखं होईल.

उंटावरचा शहाणा
मग 'ऑर्केस्ट्रा' तरी ठेवा. 'वाद्यवृंद' फार सरकारी.

शब्दकोडं
'ऑर्केस्ट्रा' म्हटलं की आपल्याकडे गणपतीत स्टेजवर सिनेमाची गाणी म्हणणारी मंडळी डोळ्यांसमोर येतात. मथळ्यात 'वाद्यवृंद'च बरा. पण 'एकलवादन' लिहिताना जपून. आपल्याकडे तबल्याचं एकलवादन म्हणजे मैफल तबल्याची आणि लेहरा (साथीची फिरती सुरावट) त्याच्यापुरता. तो अर्थ इथे नाही.

माळावरची
चंडोलासाठी आले. शब्द अगदी चपखल आहे. चंडोलाचं घरटं जमिनीवर, गवतात. गाणं मात्र उडता उडता, गात गात वर चढत जायचं. व्हॉन विल्यम्सने नेमकं तेच पकडलंय. सुरुवातीला वाद्यवृंद एक मंद स्वरसमूह धरतो आणि व्हायोलिन एकटंच निघतं. त्या ओळीत मात्रांच्या उभ्या रेघाच नाहीत, ताल नाही. तिला बेधडक 'आलाप' म्हणा, कोणी हसणार नाही. शेवटीही सगळे थांबतात आणि व्हायोलिन एकटंच उंच, अधिक उंच, ऐकू येईनासं होईपर्यंत.

रोमान्सचं म्हणाल तर तो प्रेमातला नव्हे. गाण्यासारख्या, बहुधा संथ आणि एकाच भागाच्या रचनेचं ते नाव. बेठोफेनचे व्हायोलिनसाठी दोन आहेत, जी मेजर आणि एफ मेजर. एफ मेजरवाला आजच ऐका, दहा मिनिटांच्या आतबाहेर आहे. द्वोर्झाकचा एफ मायनरमधला मला त्याहून आवडतो, पण तो फार कमी वाजतो. अर्थ 'गीत'च्या जवळ जातो, तरी भाषांतर करू नका. कंसात एक ओळ टाका.

खर्जातला
नावांचा घोळ मूळ संगीतकारांनाही चुकला नव्हता. ब्रुखला आपल्या जी मायनर रचनेला कन्चेर्तो म्हणायचं धाडस होईना, 'फॅन्टसी' म्हणू का असं त्याने योआखिमला विचारलं. योआखिम म्हणजे त्या काळचा मोठा व्हायोलिनवादक. तो म्हणाला, खुशाल कन्चेर्तो म्हण, फॅन्टसीच्या मानाने शेवटचे दोन भाग फारच बांधेसूद आहेत. आज लोक ब्रुखला त्या एका रचनेवरून ओळखतात. 'स्कॉटिश फॅन्टसी' त्याने नंतर लिहिली, 1880ची. तीही याच जातीची, वर हार्पही आहे. यादीत घ्या.

मांडवीकाठचा
अवांतर : गोव्यात जुनी माणसं व्हायोलिनला 'रेबेक' म्हणत. मुंबईच्या सिनेमांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन धरणारे कितीतरी हात गोव्याचे होते, चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून आलेले. लेखात त्यांच्यासाठी एक ओळ असू द्या.

दुपारचा चहा
सगळ्यांचे आभार. मथळा ठरला : 'व्हायोलिन आणि वाद्यवृंद : कन्चेर्तो, रोमान्स आणि एक चंडोल'. आत कॅडेन्झा तशीच ठेवते, आलाप फक्त चंडोलाला. गोव्याची ओळ घेते. संपादकांना जुगलबंदीचं कसं सांगायचं ते तेवढं बघते.

उंटावरचा शहाणा
त्यांना ती 'जी'ची तार ऐकवा.