‘चालू होईना’ आणि ‘उठेना’ : एकच का दोन?

वडगावकर : भाचीच्या जुन्या लॅपटॉपवरचं उबुंटू पुसून परवा लिनक्स मिंट (दोन्ही विंडोजसारख्याच ऑपरेटिंग सिस्टिम) घातलं. सगळं सुरळीत झालं. पेनड्राइव्ह काढा म्हणाला, काढला, एंटर दाबलं. काळ्या पडद्यावर ओळी आल्या : ‘एरर: नो सच पार्टिशन’, ‘एन्टरिंग रेस्क्यू मोड’, आणि खाली ‘ग्रब रेस्क्यू’ लिहून लुकलुकणारी रेघ. ओळखीच्या रिपेरीवाल्याला फोन केला, “लॅपटॉप चालू होईना झालाय.” तो म्हणाला, “चार्जर बदलून बघा.” शेजाऱ्याचा चार्जर आणून लावला, तरी तेच. संध्याकाळी तो घरी आला, पडदा बघितला आणि कपाळाला हात लावला. “अहो, हे चालू आहे की! उठेना म्हणायचं.”

हा फरक आपल्या बोलीत खरंच आहे का त्यानं तयार केलाय? आणि मशीन चालू झाल्यावर सिस्टिम कामाला लागते त्या ‘बूट’ला मराठी काय म्हणावं?

शहापूरकर : तो मी नव्हे, पण माझाही धंदा तोच. फरक आहे, आणि आमचं पोट त्यावर आहे. ‘चालू होईना’ म्हटलं की मी बॅटरी, चार्जर, बटण, रॅम बघणार. दिवा लागला, पंखा फिरला म्हणजे मशीन चालू. पुढं बायोस, म्हणजे मशीनमध्येच बसवलेला पहिला प्रोग्रॅम, सगळं तपासतं आणि डिस्कच्या तोंडाशी बसलेल्या ग्रबला, म्हणजे बूटलोडरला, हाक मारतं. ग्रब कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, मेमरीत आणतो, कर्नल रूट पार्टिशन (डिस्कचा सिस्टिम असलेला भाग) शोधून जोडून घेतो, मग बाकीची मंडळी कामाला लागतात. यात कुठंही अडलं तर ‘उठेना’.

तुमचं काय झालं असणार सांगतो. इन्स्टॉल करताना बूटलोडर कुठं बसवायचा विचारतात, तिथं डिस्कऐवजी पेनड्राइव्ह निवडला गेला. डिस्कवर जुनाच ग्रब राहिला आणि तो बिचारा तुम्ही पुसलेलं पार्टिशन शोधतोय. त्याच पेनड्राइव्हवरून लाइव्ह मिंट (इन्स्टॉल न करता चालणारं) चालवा, नवं पार्टिशन जोडा आणि ‘ग्रब इन्स्टॉल’ डिस्कवर करा. नुसत्या पार्टिशनवर नको, अख्ख्या डिस्कवर. आणि ‘रेस्क्यू मोड’ वाचून कोणी वाचवायला येईल म्हणून बसू नका. तिथं आपणच त्याला वाचवायचं असतं.

खानापूरची अक्का : ‘बूट’बद्दल. पायातला बूट लांबचा नाही. बुटाच्या मागं ओढून चढवायला पट्टी असते, तो बूटस्ट्रॅप. स्वतःच्या बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःलाच वर उचलायचं, अशी अशक्य गोष्टीची इंग्रजी म्हण. संगणकाचंही कोडं तेच : प्रोग्रॅम मेमरीत आणायला प्रोग्रॅम लागतो, मग पहिला कोण आणणार? आपल्याकडं संस्कृतात वचन आहे, की नट कितीही तयारीचा असला तरी स्वतःच्या खांद्यावर चढू शकत नाही. मुलांना मी हेच सांगते, लगेच कळतं. ‘आरंभन’ वगैरे घडवलेले शब्द मात्र फळ्यावरच राहतात.

मला जास्त गंमत ‘उठेना’तल्या ‘ना’ची वाटते. ‘दार उघडत नाही’ म्हणजे नेहमीचंच बंद दारही असेल. ‘दार उघडेना’ म्हणजे आपण आत्ता धक्के मारतोय आणि ते हट्टाला पेटलंय. बिघाडाला हेच रूप शोभतं.

निपाणीकर : अक्का, कन्नडमध्ये हेच आहे बघा. आमच्या गल्लीतले कन्नड लोक ‘चालू आगवल्दु’ म्हणतात. त्यातलं ‘वल्दु’ म्हणजे मुळात ‘इच्छा नाही’. मशीनच नको म्हणतंय! ‘चालू’ तर दोघांचा सामाईक.

कॅम्पातला : माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. माझ्या पडद्यावर ‘कर्नल पॅनिक’ आलं तेव्हा त्यांनी विचारलं, “कोणता कर्नल घाबरला?” त्यांना काय सांगायचं?

शहापूरकर : उच्चार एकच, दोष त्यांचा नाही. खाली ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ होतं का? मग रूट पार्टिशन सापडेना म्हणून घाबरला. बहुतेक वेळा अपडेट करताना डिस्कवरची बूटची जागा भरते आणि इनिटरामएफएस, म्हणजे रूट पार्टिशन शोधायला कर्नलला लागणारी फाइल, अर्धवट राहतं. ग्रबच्या यादीत ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा, उठेल.

खानापूरची अक्का : हा कर्नल म्हणजे बियांतला गर. आमच्याकडं काजू बी फोडतात : वर टरफल, आत गर. इंग्रजांनीही तेच घेतलंय, आतला कर्नल आणि वरचा, आपले हुकूम घेणारा, शेल. ‘गाभा’ पुस्तकी वाटत असेल तर ‘गर’ म्हणा. गर गांगरला. वडिलांनाही पटेल.

निपाणीकर : एक शंका. लॅपटॉप झाकला की झोपतो, उघडला की उठतो. बूटलाही ‘उठणं’ म्हटलं तर दोन्हींत गोंधळ नाही का?

खानापूरची अक्का : झोपेतून ‘जागं होणं’ म्हणा. सकाळी आपण आधी जागे होतो, उठतो नंतर.

शहापूरकर : अक्का, तिथं क्रम उलटा झाला की. लॅपटॉप आधी उठतो, मग झोपतो, मग जागा होतो. पण शब्द चालतील. मी उद्यापासून गिऱ्हाइकाला तिन्ही विचारणार : चालू होईना, उठेना का जागं होईना?

वडगावकर : डिस्कवर ग्रब बसवला. पहिल्यांदा उठलं आणि पडदा काळाच राहिला, पंखा मात्र फिरत होता. ग्रबच्या ओळीत ‘नोमोडसेट’ (पडद्याची मांडणी कर्नलनं करू नये असं सांगणारा शब्द) घातलं, मग चित्र आलं. म्हणजे उठलं होतं, फक्त दिसत नव्हतं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर घालून ते परत काढलं. भाचीनं मांडीवर घेतलं, झाकण लावलं, जेवून आली, उघडलं. आता जागं होईना झालंय. नवीन धागा काढू काय?