प्रतिसाद: मजुरीचा दर वाढला, पण हातात किती पडले?

सरकारी मातीकामांवर मजुरीचा दर वाढवून घेतला की विषमता घटेल, असे म्हटले जाते. हा मुद्दा अर्धाच आहे. खरी गळती हजेरीच्या नोंदीत आणि कामाच्या मोजमापात असते. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने हे फार आधी ओळखले. २ डिसेंबर १९९४ ला कोट किराना इथे पहिली जनसुनवाई, म्हणजे कामाचे हिशेब लोकांसमोर वाचून तपासण्याची जाहीर सभा, झाली; ती हजेरीपटाच्या वाचनावरच उभी होती.

वाचायची पद्धत महत्त्वाची. एकूण खर्च सांगू नका, कोणाला काही कळत नाही. नाव, दिवस, रक्कम असे एकेक वाचा, लगेच त्या माणसाला विचारा. त्याआधी घरोघरी जाऊन यादी जुळवून घ्या. मेलेली आणि परगावी गेलेली नावे तिथेच सापडतात. बोलणाऱ्यांची तयारी आदल्या रात्री पुन्हा विचारा, कारण दबाव रात्रीच येतो.

दुसरे, खड्डे. इथे मजुरी खणलेल्या मातीच्या मापावर ठरते. चाळीस जणांचे काम एकत्र मोजून सरासरी काढली की राबणारा आणि सावलीत बसणारा एकाच मजुरीवर येतात, आणि ती अनेकदा दरापेक्षा कमी असते. म्हणून पाच-पाचचे गट करा. उदाहरणार्थ ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, ०.३ मीटर खोल म्हणजे १.८ घनमीटर, रोज संध्याकाळी टेप लावून गटाच्या वहीत लिहा. मधे न खणलेला मातीचा एक खुंट ठेवा, मूळ पातळी त्यावरूनच सिद्ध होते. मोजणारा अभियंता पावसानंतर आला तर गाळ भरून खोली घटलेली असते. आणि खणायला कठीण असा मुरूम असेल तर तो मऊ माती म्हणून नोंदला नाही ना, एवढे तरी बघाच.